पुंगळी कुठे पडली?

माझ्या वहीच्या एका पानावर नुसती वर्तुळे आहेत. पेन्सिलीने काढलेली, चिंचोक्याएवढी. प्रत्येक वर्तुळाच्या कडेवर एक ठळक खूण आणि काहींवर त्या खुणेपासून निघालेली बारीक रेघ. परक्या माणसाने पाहिले तर त्याला वाटेल, हा गृहस्थ निवृत्तीच्या वयात कुंडल्या मांडायला लागला. ती चित्रे पॉइंट 22 काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांची आहेत. पिस्तुलातून पुंगळी बाहेर का पडत नाही, या प्रश्नामागे माझे जवळजवळ दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षातले पहिले पाच महिने मी साफ चुकीचे उत्तर धरून बसलो होतो आणि त्याची किंमत माझ्या भाचीने मोजली. म्हणून हे लिहितो आहे.

माझा या विषयातला अधिकार काय, हे आधीच सांगितलेले बरे. वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये फिटर होते. मी बारावीनंतर शिलाई मशीन दुरुस्तीत पडलो, ते आजतागायत. बंदुकीशी संबंध म्हणाल तर कॉलेजात एन.सी.सी.च्या रायफलने पाच-दहा गोळ्या मारल्या होत्या, तेवढाच. भाची मुखेडहून शिकायला आमच्याकडे आली, शाळेतल्या मैत्रिणीबरोबर नेमबाजीला जाऊ लागली आणि हवेच्या पिस्तुलावरून 25 मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलावर गेली. पिस्तूल क्लबचे, वापरणारी मुले सात-आठ. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "मामा, पुंगळी अडकायलीय. सर म्हणतेत, मनगट ढिलं आहे तुझं."

एन.सी.सी. केलेल्या वाचकांना ती पॉइंट 22 रायफल आठवत असेल. गोळी झाडली, की बोल्टची मूठ वर करून मागे ओढायची, पुंगळी टुणकन बाहेर. तिथे पुंगळी काढणारे इंजिन म्हणजे आपला उजवा हात. पुंगळी घट्ट बसली असली तर आपण नकळत जरा जोर लावतो आणि ती निघते. हातच दुरुस्ती करतो, त्यामुळे रायफलचा दोष कळतही नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हे काम काडतुसाने स्वतःच करायचे असते आणि त्याच्याजवळ ताकद फार थोडी असते. किती थोडी, ते हिशेब करेपर्यंत मलाही माहीत नव्हते.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. 25 मीटर पिस्तूल ही महिलांची ऑलिंपिक स्पर्धा. पहिल्या टप्प्यात 30 गोळ्या सावकाश मारायच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. दुसऱ्या टप्प्यातही 30, पण तिथे लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर असते, मग सात सेकंद नाहीसे होते. तेवढ्यात हात खालून वर आणून एकच गोळी मारायची. असे पाच वेळा झाले की एक मालिका झाली. या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेम्बांगला आशियाई सुवर्ण जिंकले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नाफास्वान यांगपाइबूनचे 34-34 झाले, मग जादा पाच-पाच गोळ्यांत 4-4, आणि त्यानंतरच्या पाचांत 3-2. सगळा फरक एका गोळीचा. अशा ठिकाणी एखादी पुंगळी अडकली असती तर, असा विचार मनात येतोच. यंत्राने दगा दिल्याचे प्रसिद्ध उदाहरण मनू भाकरचे आहे. टोकियोत 25 जुलै 2021 रोजी 10 मीटरच्या प्राथमिक फेरीत तिचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. ते हवेचे पिस्तूल होते, त्यात पुंगळी नसतेच. पण नेम चांगला असूनही यंत्रापायी वेळ आणि गुण कसे जातात, हे देशाने त्या दिवशी पाहिले.

आता यंत्र. पॉइंट 22 लाँग रायफल हे काडतूस 1887 सालचे, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचे. त्याच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि पेट घेणारा मसाला त्या कडेच्या पोकळीतच भरलेला असतो. म्हणून पिस्तुलाची फायरिंग पिन बुडाच्या मध्यावर न मारता कडेवर मारते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळे फिरणार आहे. गोळी सुटली की वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीमागे बोल्ट टेकलेला असतो, तो मागे जातो. मोठ्या पिस्तुलांत बोल्टला काही क्षण कुलूप असते. यात ते नसते, बोल्टचे वजन आणि एक स्प्रिंग एवढाच अडसर. मागे जाताना बोल्टच्या तोंडावरची आकडी पुंगळीची कड धरून ठेवते. पुढे एका जागी पक्की बसवलेली ठोकर असते. पुंगळीच्या बुडाची एक बाजू तिच्यावर आदळली की पुंगळी आकडीभोवती फिरून खिडकीतून बाहेर उडते. ओढणे हे एक काम आणि उडवणे हे दुसरे. रेंजवर दोन्हींना मिळून एकच शब्द वापरतात, "अडकली". पहिला घोटाळा इथेच होतो.

हिशेब असा. शिशाची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. बोल्ट 200 ग्रॅमचा धरू. गोळीला पुढे जेवढा संवेग, तेवढाच बोल्टला मागे. भागाकार केला तर बोल्टचा वेग येतो सेकंदाला साधारण 4.2 मीटर. (दारूच्या वायूचा थोडा वाटा सोडून देतो.) आता ऊर्जा काढा. गोळीची सुमारे 137 ज्यूल आणि बोल्टची जेमतेम पावणेदोन! एक लिटर पाण्याची बाटली वीतभरही वर उचलायला पुरणार नाही इतकी. तेवढ्यात बोल्टने स्प्रिंग दाबायची, चाप पुन्हा सज्ज करायचा, पुंगळी ओढायची आणि ती बाहेर फेकायची. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. काडतूस जरासे कमजोर निघाले आणि वेग दहा टक्के घटला, तर बोल्टची ऊर्जा दहा नव्हे, जवळजवळ एकोणीस टक्के घटते. ज्या घराचा पगार पंधरा तारखेला संपतो, त्या घरातले पाहुणे समजा. एकाने काही बिघडत नाही, दोघे एकाच आठवड्यात आले की उधारी सुरू होते.

हे आकडे वहीत मांडले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तोवर मी करायचे ते करून चुकलो होतो.

झाले होते असे. पन्नास गोळ्यांमागे चार-पाच वेळा अडकायचे. सरांनी मनगटावर बोट ठेवले, आणि त्यात तथ्य असते हे कबूल केले पाहिजे. बोल्ट मागे जाताना पिस्तुलाचा सांगाडा स्थिर राहिला तरच बोल्टला पूर्ण पल्ला मिळतो. चाके लावलेल्या टेबलाचा खण ओढून पाहा. टेबलच मागे आले तर खण अर्धाच उघडतो. मुलगी पंधरा वर्षांची, हाताने बारीक. कारण पटण्यासारखे होते आणि मी ते पटवून घेतले. तिने पकड बदलली, मूठ आवळली. अडकणे थोडे कमी झाले. मग मी शहाणपणा केला. पिस्तुलाच्या पेटीत निर्मात्याने दिलेली एक हलकी स्प्रिंग होती. मी सरांना म्हणालो, हिच्या हाताला ही लावून पाहू. लावली. दोन रविवार एकही पुंगळी अडकली नाही. मी घरी येऊन पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

तिसऱ्या रविवारी पुन्हा सुरू. मग काडतुसाची दुसरी पेटी आली, पुन्हा बरे झाले. ती संपली, पुन्हा बिघडले. उन्हाळा आला तसे माझ्याकडे आणखी एक कारण तयार झाले. या गोळ्यांवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. मे महिन्यात नांदेडला पारा 42-43 वर जातो, बंद गाडीत ठेवलेल्या पेटीतले मेण मऊ होते, त्याला आपल्याकडची धूळ चिकटते आणि ती सगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात जाते. हेही खोटे नाही. वर मुलांनी तेल भरपूर सोडलेले. आमच्या धंद्यात बायका मशीनला खोबरेल तेल घालतात आणि सहा महिन्यांनी मशीन जाम झाले म्हणून घेऊन येतात, त्यातलाच प्रकार. तेल, काजळी आणि मेण मिळून जी मळी होते, ती आकडीच्या खाली साचली की आकडी कड नीट धरत नाही. लाकडी काडीने ती काढली. पुन्हा पंधरा दिवस बरे.

प्रत्येक उपाय लागू पडत होता, हीच खरी फसवणूक होती. ज्या यंत्राजवळ शिल्लक ताकदच नाही, त्यात कुठूनही दोन पैसे वाचवले तर ते काही दिवस चालणारच. मनगट घट्ट केले, दोन पैसे वाचले. स्प्रिंग हलकी केली, आणखी दोन. मळी काढली, आणखी. पण तिजोरीला भोक कुठे आहे, ते मी पाहिलेच नव्हते. हलक्या स्प्रिंगमुळे तर बोल्ट मागच्या टेकूवर जोरात आपटू लागला आणि पुढे येताना कधी पूर्ण बंद होईना. एकाचे दोन दोष झाले.

आणि मग ती पुण्याची स्पर्धा. दुसऱ्या टप्प्यातल्या एका मालिकेत तिसरी गोळी सुटली आणि पुंगळी चेंबरमध्येच राहिली. आकडी कडेवरून निसटली होती. बोल्टने मागून नवे काडतूस आणले आणि ते पुंगळीच्या बुडावर जाऊन टेकले. आंतरराष्ट्रीय नियम याबाबतीत नेमबाजाच्या बाजूचा आहे. पुंगळी बाहेर न पडणे हा मान्य बिघाड आहे. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच धरून मोकळा हात वर करायचा, रेंज अधिकारी येऊन पाहतात आणि राहिलेल्या गोळ्यांची संधी मिळते. मात्र अधिकाऱ्याने पाहण्याआधी नेमबाजाने बोल्टला किंवा यंत्रणेला हात लावला, तर बिघाड अमान्य होतो आणि न मारलेल्या गोळ्यांना शून्य. पाच महिने सरावात पुंगळी अडकली की तिने स्वतःच बोल्ट ओढून काढलेली. हाताला तीच सवय. तिने बोल्ट ओढला, काडतूस आणखी तिरके झाले, लक्ष्य दोनदा समोर येऊन गेले, मग तिने हात वर केला. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे केले, त्यांचे काही चुकले नाही. दोन गोळ्या शून्य. पुढची पात्रता सहा गुणांनी गेली. परतीच्या गाडीत ती एवढेच म्हणाली, "मामा, माझं मनगट ढिलं नव्हतं." तोवर घट्ट मुठीच्या नादात तिचे सावकाश टप्प्यातले गुणही खाली आले होते.

तिथून मी उलट बाजूने सुरुवात केली. मिलमध्ये कापडात दोष आला की वडील मागाला हात लावण्याआधी कापड उजेडात धरायचे. कापडावर दोष किती अंतराने येतो, त्यावरून मागाचा कोणता भाग ते ठरवायचे. मी पिस्तूल पाहत होतो, पुंगळ्या कधी पाहिल्याच नव्हत्या. पुंगळ्या क्लबच्या हिशेबातल्या, घरी आणता येत नाहीत. म्हणून रेंजवरच स्टीलचे ताट, भिंग आणि वही घेऊन बसलो.

पहिले काम सोपे होते. नेमबाजाच्या उजवीकडे जुनी चादर अंथरली आणि पुंगळ्या कुठे पडतात ते मांडले. निरोगी पिस्तुलाच्या पुंगळ्या साधारण एका ठिकाणी ढीग करतात. आमच्या काही दीड मीटरवर, काही पायाशी. म्हणजे उडवण्याची दिशा ठीक, ताकद कमी-जास्त. ठोकर सैल किंवा झिजलेली असती तर दिशाच भरकटली असती. पुंगळी खिडकीत उभी अडकण्याचा प्रकारही असतो, चुलीच्या धुराड्यासारखी दिसते म्हणून त्याला स्टोव्हपाइप म्हणतात. तो दोष उडवण्याचा. आमचा बहुतेक वेळा तो नव्हता. आमची पुंगळी चेंबरमध्येच राहत होती, म्हणजे दोष ओढण्याचा होता.

ओढण्याचा दोष म्हटला की सगळे आकडीकडे बोट दाखवतात. मीही दाखवले. पण या जातीच्या पिस्तुलात पुंगळीला मागे ढकलणारा मुख्य गडी वायूचा दाबच असतो, आकडीचे काम प्रामुख्याने तिला धरून ठोकरीपर्यंत नेण्याचे. आकडी निसटते आहे याचा अर्थ ती कमजोर आहे असाच नव्हे. पुंगळीला कोणीतरी आत धरून ठेवलेले असू शकते.

मग तीन गोष्टींची अदलाबदल केली, एका वेळी एकच. तेच पिस्तूल, तीच पेटी, हात सरांचा. अडकले. मनगट त्या दिवशी निर्दोष सुटले, हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात अर्ध्या तासात झाला असता. मग तिचाच हात, तीच पेटी, क्लबचे दुसरे पिस्तूल. पन्नासच्या पन्नास साफ. काडतूसही सुटले. राहिले पिस्तूल. मूळची स्प्रिंग परत लावून घेतली, कारण दोन गोष्टी बदललेल्या असताना तिसरीचा शोध लागत नाही.

आता पुंगळ्या भिंगाखाली. एका बाजूला काजळी होती. तिला मी आधी घाबरलो, पण दाब कमी असलेल्या काडतुसात थोडी काजळी येतेच. मग पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने एक बारीक ओरखडा दिसला. दुसरीवरही. चेंबर खरखरीत असेल किंवा पावसाळ्यात गंजले असेल तर ओरखडे येतात, पण ते चहूकडे असतात आणि हा एकटाच होता. मी एकेक पुंगळी बुडाकडून वहीत काढायला घेतली. फायरिंग पिनचा घाव कडेवर कुठे आणि ओरखडा कुठे. विसाव्या चित्रापर्यंत माझी मान दुखायला लागली आणि मग एकदम लक्षात आले, की ओरखडा प्रत्येक वेळी पिनच्या घावाच्या अगदी खाली सुरू होतो. एकदाही इकडे नाही, तिकडे नाही.

चेंबरमध्ये काडतूस नसताना चाप ओढला तर फायरिंग पिन कशावर मारते? पुंगळीची कड जिथे असायची तिथे, म्हणजे चेंबरच्या ओठावर. पोलादावर पोलाद. नेमबाजीत कोरडा सराव, म्हणजे गोळीविना नुसता चाप ओढणे, रोजचा असतो आणि आवश्यकही असतो. काही स्पर्धा पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते, नाहीतर चेंबरमध्ये प्लास्टिकची टोपी घालायची. आमच्या सात-आठ मुलांपैकी कोणीतरी, कदाचित सगळीच, टोपी न घालता सराव करत आली होती. हजारो हलक्या घावांनी चेंबरच्या ओठावर धातूचा एक कण आत सरकला होता. गोळी सुटली की पितळ फुगते, त्या कणावर दाबले जाते आणि पुंगळी खुंटीला अडकवल्यासारखी राहते. काडतूस जोरदार असेल तर ओरखडा घेऊन सुटते. कमजोर असेल तर राहते.

तो कण डोळ्यांना दिसत नव्हता. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे सरांनी आणि मी दोघांनी पाहून, कानात घालायच्या कापसाच्या काडीने चेंबरचा ओठ पुसला. एका जागी कापसाचा तंतू अडकला. पुन्हा पुसले, पुन्हा त्याच जागी. रशियात मिखाईल मार्गोलिन नावाचा शस्त्ररचनाकार होऊन गेला. तरुणपणी त्याची दृष्टी गेली, तरी त्याने याच पॉइंट 22 काडतुसाचे स्पर्धा पिस्तूल तयार केले आणि ते जगभर वापरले गेले. मातीचे, लाकडाचे नमुने बोटांनी चाचपून तो भाग ठरवत असे. त्याच्याविषयी पूर्वी वाचले होते तेव्हा मला ती नवलकथा वाटली होती.

दुरुस्ती मी केली नाही. माझ्या दुकानात ती करता आली असती, हातही शिवशिवत होते. पण 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. शिवाय चेंबरला कानस लावली तर धातू निघून जातो आणि तिथे पुंगळीला आधार राहत नाही. यासाठी निमुळते, गुळगुळीत हत्यार असते. ते आत फिरवून सरकलेला धातू कापायचा नाही, जागेवर परत दाबायचा. परवानाधारक कारागिराकडे पिस्तूल रीतसर गेले, काम थोडक्या वेळात झाले, कागदपत्रांना दोन महिने लागले. परत आल्यावर मूळची स्प्रिंग, तीच काडतुसे, तिचे तेच मनगट. दोनशे गोळ्यांत एकदाही अडकले नाही आणि वहीतल्या वर्तुळांना रेघा उरल्या नाहीत.

पकड सुटी व्हायला मात्र तिला पिस्तुलापेक्षा जास्त वेळ लागला. अजूनही घाईच्या टप्प्यात मूठ आवळली जाते, ती स्वतःच ओळखते आणि माझ्याकडे पाहते. पुंगळी अडकली की मोकळा हात वर करायचा, हा सराव आता ती मुद्दाम करते. सर अधूनमधून तिच्या मॅगझिनमध्ये एखादी खोटी गोळी न सांगता घालून ठेवतात.

मी दर रविवारी ताट आणि भिंग घेऊन जातोच. गेल्या रविवारच्या पन्नासांपैकी तीन पुंगळ्यांवर, पिनच्या घावाखाली, पुन्हा अगदी पुसट रेघ दिसली. सरांना दाखवली. त्यांनी कपाट उघडून टोप्यांची डबी काढली आणि मोजल्या. आठातल्या पाचच होत्या.